घाईत केलेला चार कलमांचा कायदा

मार्च 2020 मध्ये महाराष्ट्र सरकारने साथरोग कायदा लागू केला, तेव्हा आम्ही बातमीदारांनी एक ओळ न चुकता टाकली होती, ‘हा कायदा 1897 चा आहे.’ ओळ टाकून सगळे पुढच्या आकड्यांकडे वळले. त्या ओळीमागे काय होतं ते आज थोडं लिहितो.

सप्टेंबर 1896. मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळ गोव्याच्या डॉक्टरांनी निदान केलं, हा गाठीचा प्लेग आहे. बंदराजवळची धान्याची गोदामं, त्यात उंदीर आणि भोवती दाट वस्ती. आधी मानायलाच कुणी तयार नव्हतं, कारण व्यापार बुडेल ही धास्ती. नंतर मात्र साडेआठ लाखांच्या आसपास वस्तीच्या मुंबईतून काही महिन्यांत जवळपास निम्मी माणसं निघून गेली. गिरणी कामगार कोकणात, घाटावर, जिकडे घर तिकडे. 2020 ला रस्त्याने चालणारे मजूर बघून ‘असं कधी झालंच नव्हतं’ म्हणणारे बरेच भेटले. झालं होतं.

युरोपातले देश हिंदुस्थानची जहाजं अडवायच्या तयारीत होते. सरकार घाबरलं. कलकत्त्यात घाईघाईने कायदा झाला, 4 फेब्रुवारी 1897. फक्त चार कलमं. पहिल्यात नाव. दुसऱ्यात सरकारला लागतील ते नियम करायची मुभा. तिसऱ्यात ते मोडणाऱ्याला भादंविच्या 188 खाली शिक्षा. चौथ्यात, सद्हेतूने कारवाई करणाऱ्यावर दावा चालणार नाही. झाला कायदा! रुग्णाला औषध कोण देणार, कोंडून ठेवलेल्याला जेवण कोण घालणार, बुडालेल्या मजुरीचं काय, याबद्दल अवाक्षर नाही.

पुण्यात रँडने याच अधिकारात काय केलं ते आपण शाळेत शिकलोय. गोरे सोल्जर घरात शिरले, देवघरापर्यंत गेले. 22 जून 1897 ला चापेकरांनी गोळ्या घातल्या, टिळकांना राजद्रोहाखाली दीड वर्षाची शिक्षा झाली. पण एक गोष्ट सुटून जाते. टिळक साथीच्या उपायांच्या विरोधात नव्हते. पुढारी शहर सोडून जात असताना ते पुण्यात राहिले आणि हिंदू प्लेग रुग्णालय उभं करण्यात पुढे होते. त्यांचं भांडण होतं ते माणसांना वागवण्याच्या रीतीशी. आणि सावित्रीबाई फुले तर त्याच मार्चमध्ये रुग्णांची सेवा करताना प्लेगनेच गेल्या. सरकारवर टीका करणारा म्हणजे साथीला मदत करणारा, हे समीकरण तेव्हाही चुकीचं होतं.

यातला सगळ्यात कडू भाग वेगळाच आहे. घरं उघडून, सामान जाळून, कार्बोलिक फवारून सरकार जे करत होतं, ते बरंचसं चुकीच्या शत्रूवर होतं. प्लेग उंदरावरच्या पिसवेतून पसरतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने 1898 मध्ये कराचीत दाखवलं. तेही लगेच कुणी मानलं नाही. गावाकडच्या लोकांना मात्र अनुभवाने ठाऊक झालं होतं की उंदीर पडायला लागले की घर सोडायचं आणि रानात झोपड्या टाकून राहायचं. आपण 2020 ला भाजी धुऊन वाळत घातली आणि बरेलीत मजुरांच्या अंगावर जंतुनाशक फवारलं गेलं, त्यातलाच हा प्रकार. माहिती अपुरी असणं हा गुन्हा नाही. पण अपुऱ्या माहितीवर पूर्ण सत्ता हातात घ्यायची म्हटलं, तर लोकांशी बोलावं लागतं.

ते बोलणं सरकारला उशिरा सुचलं. ऑक्टोबर 1896 मध्येच गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला होता. मार्च 1898 मध्ये मदनपुऱ्यात एका आजारी मुलीला न्यायला पथक आलं आणि दंगल पेटली. त्यानंतर कुठे सक्ती सैल झाली, जातीजमातींना आपापली रुग्णालयं चालवू दिली, हाफकिनची लस ऐच्छिक ठेवली. प्लेग मात्र एका हंगामात गेला नाही. पुढची दोन-तीन दशकं तो येतजात राहिला, देशात एक कोटीच्या वर माणसं गेली. त्या भीतीतून केलेला कायदा सव्वाशे वर्षं राहिला.

आर्थर रोडचं ते रुग्णालय म्हणजे आजचं कस्तुरबा. मुंबईचे कोरोनाचे पहिले रुग्ण तिथेच ठेवले होते. मी तेव्हा रोज संध्याकाळी पोलीस ठाण्यातून आकडे घ्यायचो. 188 चे गुन्हे किती, गाड्या जप्त किती. भाजीवाले, हातगाडीवाले, औषध आणायला निघालेलं पोरगं. राज्यात असे लाखाच्या वर गुन्हे नोंदले गेले. एप्रिल 2020 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, आरोग्य कर्मचाऱ्यांवर हात उगारणाऱ्याला कडक शिक्षा. ती हवीच होती. पण सरकारने लोकांना काय द्यायचं, ती जागा कोरीच राहिली.

फेब्रुवारी 2024 मध्ये विधी आयोगाने 286 व्या अहवालात सांगितलं की हा कायदा अपुरा आहे. त्याच वर्षी 1 जुलैला भादंवि गेली, 188 चं कलम भारतीय न्याय संहितेत 223 झालं. कलमाचा आकडा बदलला आणि शिक्षा वाढली, तेवढंच. आमच्याकडचे खासदार पुढच्या वेळी पत्रकार परिषद घेतील तेव्हा मी त्यांना याबद्दल विचारणार आहे. तुम्हीही आपापल्या खासदारांना विचारा.