रिपोर्टावरचा ‘नॉर्मल’ आकडा कुणी ठरवला?

शाळेत किंवा शिबिरात मुलांची रक्ततपासणी झाली, की पुढच्या बैठकीला गटातल्या बायका रिपोर्ट घेऊन येतात. मुरबाड असो, शहापूर असो की कल्याण-डोंबिवलीच्या कडेची गावं असोत, कागद सगळीकडे सारखाच. एका बाजूला तपासणीचं नाव, मधे आपल्या लेकराचा आकडा आणि पलीकडे बारीक अक्षरात ‘नॉर्मल’ म्हणून छापलेले दोन आकडे. लेकराचा आकडा त्या दोघांच्या मधे बसला नाही तर तो ठळक छापतात, नाहीतर पुढे चांदणी काढतात. मग घरात घोर लागतो. आज आपण त्या बारीक अक्षरातल्या आकड्यांचा इतिहास पाहू. ते कुणाचं रक्त मोजून ठरले, हे कळलं तर रिपोर्ट वाचायची रीतच बदलते.

आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायका अजून ‘रक्त इतके टक्के आहे’ असं म्हणतात. हे टक्के जुन्या काचेच्या नळीतून आले. 1902 साली स्वित्झर्लंडच्या हेर्मान साहली या डॉक्टरांनी एक साधं यंत्र काढलं. बोटाला टोचून काढलेलं रक्त आम्लात मिसळायचं, ते तपकिरी होतं, मग पाणी घालत घालत त्याचा रंग शेजारच्या नमुन्याच्या रंगाशी जुळवायचा. सरकारी दवाखान्यांत ही नळी कित्येक वर्षं वापरात होती. त्या काळात ‘शंभर टक्के’ म्हणजे निरोगी माणसाचं रक्त. पण तो निरोगी माणूस युरोपातला, आणि तोही मोठा माणूस. शिवाय यंत्र बदललं की शंभर टक्क्यांचा अर्थही बदलायचा. एकाच बाईचं रक्त एका नळीत कमी आणि दुसरीत बरं दिसू शकत होतं.

आकडा कमी आला म्हणजे कारण कळलं असं नाही, हे आपल्या मुंबईतच सिद्ध झालं. 1928 साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरबाई मुंबईत आल्या. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना जीवघेणा अॅनिमिया होत होता. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांनी त्याचा शोध घेतला. त्यांना दिसलं, की ज्या बायकांच्या जेवणात कस कमी त्यांना हा आजार जास्त होतो आणि यीस्टचा अर्क दिला की त्या बऱ्या होतात. म्हणजे इथे लोहाखेरीज आणखी काहीतरी कमी पडत होतं. 1931 साली त्यांनी हे छापून जगापुढे ठेवलं. दहा वर्षांनी, 1941 साली, ते द्रव्य पालकाच्या पानांतून वेगळं काढण्यात आलं आणि त्याला फोलिक अॅसिड हे नाव मिळालं. आज शाळेत आपल्या मुलींना आठवड्याला जी निळी गोळी देतात, तिच्यात लोहाच्या जोडीला हेच फोलिक अॅसिड असतं.

पुढे जागतिक आरोग्य संघटनेने सगळ्या जगासाठी एकच रेघ आखायचं ठरवलं. 1958 साली पहिल्यांदा तज्ज्ञ बसले आणि 1968 च्या अहवालात पक्के आकडे आले. शंभर मिलिलिटर रक्तात सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांना 11 ग्रॅम, सहा ते चौदा वर्षांना 12, बायकांना 12, गरोदर बाईला 11 आणि पुरुषांना 13 ग्रॅम हिमोग्लोबिन हवं. त्याखाली गेलं की अॅनिमिया. आजही आपल्या रिपोर्टावर थोड्याफार फरकाने हेच आकडे असतात. पण ते ज्या पाच अभ्यासांवर उभे होते, त्यांत रक्त दिलेली माणसं बहुतेक गोरी आणि मोठ्या वयाची होती.

मुलं म्हणजे छोटी मोठी माणसं नव्हेत, हे आपल्याला दवाखान्यात न जाताही माहीत आहे. रक्तातही तसंच असतं. जन्मलेल्या बाळाचं हिमोग्लोबिन खूप जास्त असतं, दोनेक महिन्यांत ते आपोआप उतरतं आणि मग पुन्हा चढतं. लहान मुलांच्या पांढऱ्या पेशींचं प्रमाण मोठ्यांच्या अगदी उलटं असतं. हाडं वाढत असतात म्हणून अल्कलाइन फॉस्फटेज नावाचा आकडा मुलांत मोठ्यांच्या दुप्पट-तिप्पट असू शकतो. तोच मोठ्या माणसाच्या पट्टीवर ठेवला तर लिव्हरचा आजार वाटेल. वयात येईपर्यंत मुलगा आणि मुलगी यांचं हिमोग्लोबिन साधारण सारखं असतं. नंतर मुलाचं चढत जातं, मुलीचं तेवढं चढत नाही.

मग मुलांची वेगळी पट्टी का बनली नाही? कारण ती बनवायला निरोगी मुलांचं रक्त लागतं. आजारी मुलाला सुई टोचायला आई तयार होते, पण हसत्या-खेळत्या मुलाला कोण टोचून घेईल? शिवाय एका वयोगटाच्या पट्टीला किमान 120 निरोगी मुलं हवीत, असा नियम आहे. वय बदललं की नवीन 120, मुली वेगळ्या, मुलगे वेगळे. कॅनडात टोरंटोच्या मुलांच्या रुग्णालयाने यासाठी ‘कॅलिपर’ नावाचं काम हाती घेतलं आणि वस्त्यांत, शाळांत जाऊन हजारो निरोगी मुलांचं रक्त जमवलं.

‘नॉर्मल’ या शब्दाचीही एक गंमत आहे. फिनलंडच्या राल्फ ग्रेसबेक आणि निल्स-एरिक सारिस यांनी 1969 साली सुचवलं, की ‘नॉर्मल’ न म्हणता ‘संदर्भ’ म्हणा. कारण पट्टी बनवताना शंभर निरोगी माणसांतल्या मधल्या पंच्याण्णवांचे आकडे धरतात. उरलेले पाचही निरोगीच असतात, तरी पट्टीबाहेर राहतात. म्हणजे वीस धडधाकट मुलं तपासली तर एखाद्याच्या आकड्यापुढे चांदणी येणारच.

भारतातल्या मुलांचं मोजमाप मोठ्या प्रमाणावर झालं ते अलीकडे. 2016 ते 2018 या काळात केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने युनिसेफ आणि पॉप्युलेशन कौन्सिल यांच्या मदतीने सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षण केलं. एकोणीस वर्षांपर्यंतची एक लाख बारा हजार मुलं-मुली त्यात होती. त्यांतल्या सुमारे 51 हजारांचं रक्त घेतलं, आणि तेही बोटातून नाही, शिरेतून. बोट दाबून काढलेल्या थेंबात रक्ताबाहेरचं पाणी मिसळू शकतं आणि आकडा चुकतो.

या रक्तावरून डॉ. हर्षपाल सचदेव, डॉ. अनुरा कुरपाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या मुलांची पट्टी काढली. ती 2021 साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आली. त्यांनी सगळ्या मुलांची सरासरी काढली नाही. ज्यांच्यात लोह, फोलेट, बी-12 किंवा अ जीवनसत्त्व कमी होतं, अंगात सूज किंवा संसर्ग होता, हिमोग्लोबिनचा जन्मजात दोष होता, ती मुलं बाजूला काढली. उरली 8,087, म्हणजे शंभरातली सोळा-सतरा. ही गाळणी फार महत्त्वाची. पाड्यावरच्या सगळ्याच मुली फिकट असतील म्हणून फिकटपणा नॉर्मल होत नाही. सरसकट सरासरी काढली असती तर आपली उपासमारच पट्टीवर छापली गेली असती.

त्या निरोगी मुलांची रेघ जागतिक रेघेपेक्षा बहुतेक वयांत एक ते दोन ग्रॅमने खाली निघाली. जुन्या रेघेने देशातली 30 टक्के मुलं अॅनिमियाची ठरत होती, नव्या रेघेने सुमारे 11 टक्के. मुलं तीच, रक्त तेच, फक्त रेघ हलली.

यावर तज्ज्ञांत वाद आहे. एक बाजू म्हणते, ज्यांना गरज नाही अशा मुलांना आपण उगाच लोह देतो आहोत. दुसरी बाजू म्हणते, रेघ खाली आणली तर कमतरता झाकली जाईल. जागतिक आरोग्य संघटनेने 2024 साली नवे नियम काढले. दोन वर्षांखालच्या बाळांची रेघ साडेदहावर आणली, बाकी मुलांची आणि बायकांची रेघ जवळपास होती तशीच ठेवली आणि वंशावरून रेघ बदलू नये असं सांगितलं. आपण बायकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवायची. त्याच भारतीय सर्वेक्षणात किशोरवयीन मुला-मुलींपैकी 22 टक्क्यांच्या अंगात लोहाचा साठा कमी होता. हिमोग्लोबिन नंतर उतरतं, साठा आधी रिकामा होतो. कणगी रिकामी झाली तरी डब्यात चार दिवसांचं पीठ असतं, तसंच हे.

आपल्या भागात आणखी एक कारण आहे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी कुटुंबं आली आणि उल्हासनगर वसलं. सिंधी समाजात थॅलेसेमियाचे वाहक जास्त आढळतात. ठाणे-पालघरच्या आदिवासी पाड्यांवर सिकलसेल आढळतो, ज्यासाठी 2023 पासून राष्ट्रीय मोहीम चालू आहे. अशा मुलाचं हिमोग्लोबिन नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी वर येत नाही. लूसी विल्सबाईंनी परळला जे दाखवलं ते इथेही खरं आहे. आकडा कमी आहे एवढंच रिपोर्ट सांगतो, का कमी आहे ते शोधावं लागतं.

म्हणून गटातल्या ताईंना आमचं सांगणं असं. रिपोर्टावर मुलाचं वय बरोबर लिहिलंय का, आणि पलीकडचे आकडे त्या वयाचे आहेत की मोठ्या माणसाचे, हे लॅबवाल्याला विचारा. रक्त बोटातून घेतलं की शिरेतून, तेही विचारा. बोटाचा आकडा फार कमी आला तर शिरेतून पुन्हा तपासा. गोळ्या नीट घेऊनही आकडा हलला नाही, तर थॅलेसेमिया आणि सिकलसेलची तपासणी करायची का, हे डॉक्टरांना विचारा. शाळेतली गोळी आपल्या मनाने बंद करू नका. आणि जुने रिपोर्ट फेकू नका. पट्टी हजारो परक्या मुलांची असते, पण आपल्या मुलीचा गेल्या वर्षीचा आकडा तिचा स्वतःचा असतो. डॉक्टरांपुढे जाताना दोन्ही कागद सोबत असू द्या.