दीड हजार व्होल्टचं गोत्र

३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनसहून चार डब्यांची विजेची गाडी कुर्ल्याला गेली. गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी तिला हिरवा कंदील दाखवला. शताब्दीच्या निमित्तानं ही तारीख मराठीत इतक्या वेळा छापली गेली, की तिच्यावर आणखी शाई खर्च करायला नको. मला पकडलं ते त्याच वर्षातल्या दुसऱ्या दोन तारखांनी. ६ एप्रिल १९२५ला बटावियात, म्हणजे आजच्या जकार्तात, तांजुंग प्रियोक बंदरापासून विजेची गाडी सुरू झाली. १३ डिसेंबर १९२५ला टोकियोपासून कोझूपर्यंतच्या तोकाइदो मार्गावर वीज आली. एक शहर इंग्रजांचं, एक डचांचं, एक जपान्यांचं स्वतःचं. तिघांच्याही डोक्यावरच्या तारेत दाब मात्र एकच होता: १५०० व्होल्ट, डीसी.

मी पिंपळगाव रेणुकाईचा. आमच्या गावात रूळ नाहीत. मिरची भरलेले ट्रकच बाहेरच्या जगाशी बोलतात. १९२५ साली आमचा भोकरदन तालुका निजामाच्या राज्यात होता, आणि सगळ्यात जवळचं स्टेशन म्हणजे जालना, तेही मीटर गेजवर, कोळशाच्या इंजिनाचं. लोकलमध्ये लोंबकळण्याचं नशीब ज्याला लाभत नाही, तो तिच्या वंशावळीत शिरतो, असं माझ्या बाबतीत झालं असावं. टोकियोची गाडी आणि कुर्ल्याची गाडी एका गोत्राच्या आहेत, हे कळल्यावर मला दुसरं काही सुचेना.

आता पहिला आक्षेप इंजिनिअर मंडळींचा. ते म्हणतात, यात गोत्रबित्र काही नाही, १५०० हा आकडा मोटारीतूनच येतो. त्या काळच्या डीसी मोटारीच्या कम्युटेटरवर फार दाब दिला की ठिणग्या उडत. साडेसातशे व्होल्ट झेपणारी मोटार भरवशाची, आणि अशा दोन मोटारी एकीपुढे एक जोडल्या की झाले १५००. सबस्टेशनातल्या फिरत्या कन्व्हर्टरचंही गणित तेच. म्हणून जो तो आपापल्या परीनं त्याच आकड्याला पोचला.

हे खरं आहे, पण अर्धंच. सहाशेच्या दोन मोटारी जोडल्या तर १२०० होतात, आणि अमेरिकेत तो आकडा चालू होताच. माँटानातल्या ब्यूट-अ‍ॅनाकोंडा खाणमार्गानं १९१३ साली २४०० घेतले. मिलवॉकी रोडनं दोन वर्षांत ३००० गाठले. आपल्याकडेच पाहा: १९५७ साली हावडा ते शेवडाफुली मार्गावर वीज आली तेव्हा कोलकात्यानं ३००० व्होल्ट डीसी घेतले. मोटारीचा नियम इतका कडक असता, तर कोलकात्याला वेगळी वाट कशी सापडली? नियम आकड्याची मुभा देतो. निवड माणूस करतो.

तो माणूस माझ्या मते चार्ल्स मर्झ.

मर्झ हा न्यूकॅसलचा वीज-अभियंता. मर्झ अँड मॅक्लेलन ही त्याची सल्लागार पेढी. १९१५ साली नॉर्थ ईस्टर्न रेल्वेनं शिल्डन ते न्यूपोर्ट या कोळशाच्या मार्गावर तारा टाकल्या आणि १५०० व्होल्ट डीसीचा प्रयोग केला. सल्लागार मर्झची पेढी. रेल्वेचा मुख्य यांत्रिकी अभियंता होता व्हिन्सेंट रेव्हन, विजेचा कट्टर भक्त. (हाच रेव्हन पुढे भारतात आला आणि १९२६च्या रेल्वे वर्कशॉप समितीचा अध्यक्ष झाला. इतिहासात अशी माणसं कोपऱ्यातून डोकावतात, तेव्हा मला हटकून आनंद होतो.) कोळशाच्या मालगाड्या ओढणारा हा मार्ग १९३५ साली पुन्हा वाफेवर गेला आणि तारा उतरवल्या. पण तोवर आकडा घराबाहेर पडला होता. १९१९ साली मेलबर्नची उपनगरी गाडी विजेवर धावली, तीही १५०० व्होल्ट डीसीवर. तिथंही सल्लागार मर्झच.

मग मुंबई. १९०४ साली मुंबई इलाख्याचे मुख्य अभियंता डब्ल्यू. एच. व्हाइट यांनी जीआयपी आणि बीबी अँड सीआय या दोन्ही रेल्वे कंपन्यांचे मार्ग विजेवर नेण्याची कल्पना मांडली. सरकारनं सल्ला द्यायला कोणाला नेमलं? मर्झला. इथवर आलो तेव्हा मला वाटलं, दावा जिंकला.

पण हातात येतं ते भलतंच. मर्झनं काही ठोस सांगायच्या आधीच राजीनामा दिला. त्याची नोंदलेली सूचना एकच: वसईच्या खाडीवरचा जुना पूल बदलून मजबूत पूल बांधा. व्होल्टेजबद्दल चकार शब्द नाही. पुढे महायुद्ध आलं, काम रखडलं. प्रतिपक्षाला याहून चांगला पुरावा कुठला हवा?

तरी मी मर्झला सोडत नाही. युद्ध संपल्यावर मुंबईची योजना पुन्हा हातात घेतली गेली, तेव्हा इंग्लंडमध्ये सर अलेक्झांडर केनेडींच्या सल्लागार समितीनं १५०० व्होल्ट डीसी हाच देशाचा प्रमाण दाब असावा, अशी शिफारस केली. समितीपुढे इंग्लंडच्या भूमीवर या दाबानं चालणारी गाडी कुठली होती? शिल्डनची. माणूस मुंबई सोडून गेला आणि त्याचा आकडा लंडनमार्गे परत आला, असा माझा तर्क. फ्रान्सनं १९२० साली हाच आकडा घेतला, हॉलंडनंही घेतला, आणि हॉलंडनं घेतल्यावर बटावियाचा प्रश्न उरत नाही.

टोकियोचं प्रकरण अवघड आहे, आणि इथंच माझ्या सिद्धान्ताची खरी परीक्षा होते. जपान्यांनी सुरुवात १५००नं केलीच नव्हती. डिसेंबर १९१४मध्ये टोकियो स्टेशनचं उद्‍घाटन झालं, त्याच सुमारास योकोहामाकडे विजेची गाडी सुटली ती १२०० व्होल्टवर. म्हणजे अमेरिकी वळण. पाहुण्यांना घेऊन निघालेल्या गाडीच्या, तारेतून वीज घेणाऱ्या पेंटोग्राफनं उद्‍घाटनाच्याच दिवशी दगा दिला. काही दिवसांतच सेवा बंद पडली आणि पुढच्या मे महिन्यात पुन्हा सुरू झाली. १५०० व्होल्ट जपानात पहिल्यांदा आले ते १९२३ साली, ओसाका रेल्वे या खासगी कंपनीच्या मार्गावर. आज तो किंतेत्सूच्या ताब्यात आहे. मग सरकारी रेल्वेनं तोकाइदोसाठी तोच दाब घेतला.

१२०० सोडून १५०० का? अमेरिकेचे पक्षपाती म्हणतात, जपाननं वेस्टिंगहाउस आणि जनरल इलेक्ट्रिककडूनही इंजिनं घेतली, तेव्हा श्रेय तिकडे द्या. घेतली खरी. स्विस ब्राउन-बोव्हेरीकडूनही घेतली. पण इंग्लिश इलेक्ट्रिकचीही मोठी खेप होती, आणि ती फार कटकटीची निघाली. जपानी कारागिरांनी ती इंजिनं दुरुस्त करता करता पुढं काय करायचं नाही, याचा धडा घेतला. माझं म्हणणं इतकंच: १९२०-२१नंतर युरोपातल्या प्रत्येक कारखान्याच्या सूचिपत्रात १५०० हा तयार माल झाला होता. टोकियोनं दुकानात जे मिळतं ते उचललं. आणि ते दुकान कोणी भरलं, हे वर सांगितलंच आहे.

पुढच्या पिढ्या झटपट सांगतो. मुंबईच्या पहिल्या गाड्या इंग्लंडच्या कॅमेल लेअर्ड आणि जर्मनीच्या युर्डिंगेन कारखान्यांतल्या. वीज आली टाटांच्या सह्याद्रीतल्या जलविद्युत केंद्रांतून. पुढं ठाकुर्लीजवळ चोळ्याचं वीजघर उभं राहिलं. १९२८ साली कुलाबा-बोरिवली मार्ग विजेवर आला. मग डबे देशात बनू लागले, रेक नऊ डब्यांचा झाला, बाराचा झाला, पश्चिम रेल्वेवर पंधराचाही झाला.

जपानी शाखेत थोडं थांबायला हवं, कारण तिच्यात एक गाडी अशी आहे, जी आपल्या लोकलला आरशासारखी लागते. १०३ मालिका. पहिला नमुना १९६३चा, उत्पादन १९८४पर्यंत, एकूण सुमारे ३,४०० डबे. टोकियोची यामानोते लाइन, ओसाकाची वर्तुळ लाइन, सगळीकडे हीच धावायची. हिच्या आधीची १०१ मालिका मोठ्या महत्त्वाकांक्षेनं आखली होती: प्रत्येक डब्याला मोटारी, म्हणजे गाडी झपकन वेग घेणार. गाड्या तयार झाल्या आणि लक्षात आलं, की इतक्या मोटारी एकदम करंट ओढू लागल्या तर सबस्टेशनं पुरणार नाहीत. मग मधे बिनमोटारीचे डबे घालावे लागले. १०३ ही त्या नामुष्कीतून शहाणपणानं जन्मली. जवळजवळची स्टेशनं आणि निम्म्या डब्यांना मोटारी हे धरूनच तिची मोटार आणि गिअर आखले गेले. आपल्याकडे तीन डब्यांत एक मोटर कोच आणि दोन ट्रेलर. म्हणून दादरहून निघालेली लोकल आळस देत निघाल्यासारखी वाटते.

रुंदीत मात्र आपण मोठे. आपले रूळ १६७६ मिलिमीटर अंतराचे, डबा सुमारे ३.६६ मीटर रुंद. जपानचे रूळ १०६७चे, १०३चा डबा २.८ मीटरच्या आसपास. जपान्यांनी बाकं भिंतीला टेकवली, प्रत्येक बाजूला चार सरकते दरवाजे दिले आणि मधली जागा उभ्यांना सोडली. आपण आडवी बाकं ठेवली आणि त्यावर ‘चौथी सीट’ नावाची संस्था जन्माला घातली, जिच्यावर बसणाऱ्याचा निम्मा देह हवेत असतो.

रुळांच्या या फरकानंच सोयरीक मोडली. दाब एक, पण रूळ निराळे, म्हणून टोकियोची गाडी मुंबईत कधी धावू शकली नाही. जकार्तात मात्र दाबही १५०० आणि रूळही १०६७. तिथं २००० साली टोकियोच्या तोएई भुयारी मार्गावरच्या जुन्या गाड्या उतरल्या, २००४ साली १०३ मालिकेचे सोळा डबे, आणि २०१३पासून २०५ मालिकेचे शेकडो डबे. १९२५ साली जुळलेल्या दोन पत्रिकांचं लग्न पाऊणशे वर्षांनी लागलं.

मुंबईनं तोवर गोत्र बदलायला घेतलं होतं. १५०० व्होल्टवर तीच ताकद पोचवायला २५,००० व्होल्टच्या जवळजवळ सतरापट करंट लागतो. म्हणजे तारा जाड, सबस्टेशनं जवळजवळ, आणि लांब रेक निघाला की दाब घसरणार. १०१ला जे भोवलं, तेच आपल्याला भोवू लागलं. जपाननं जुन्या मार्गांवर डीसीच ठेवून सबस्टेशनं वाढवली. आपण दाबच बदलला. २००७पासून दोन्ही दाबांवर चालणारे रेक आले. पश्चिम रेल्वेचं स्थित्यंतर २०१२ साली, मध्यचं २०१५ साली. सगळ्यात शेवटी हार्बर, म्हणजे जिथून सुरुवात झाली तोच मार्ग. ९ एप्रिल २०१६च्या रात्री शेवटची डीसी लोकल कुर्ल्याहून सीएसटीला, म्हणजे जुन्या व्हिक्टोरिया टर्मिनसला, आली. पहिली गाडी ज्या मार्गानं गेली होती, त्याच मार्गानं उलटी.

आमच्या बाजूला १५०० व्होल्ट कधी आलेच नाहीत. जालन्यानं वाफ पाहिली, डिझेल पाहिलं आणि थेट २५,०००वर उडी घेतली. ३० डिसेंबर २०२३ला जालन्याहून मुंबईला वंदे भारत सुटली. तिला पुढं इंजिन नाही, मोटारी डब्यांखाली वाटलेल्या. म्हणजे जातीनं ती लोकलच. आणि तिच्या निम्म्या डब्यांना मोटारी आहेत. जालन्याच्या फलाटावर हे मोजलं तेव्हा मला १०३ मालिका आठवली, आणि शेजारच्या प्रवाशाला मी ते सांगितलंही. त्यानं माझ्याकडे पाहून पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

जपानी गाडी महाराष्ट्रात येणारच आहे, पण बुलेट ट्रेन म्हणून: २५,००० व्होल्ट एसी आणि १४३५ मिलिमीटरचे रूळ. हे रूळ ना मुंबईच्या जुन्या मार्गांचे, ना टोकियोच्या यामानोतेचे. मर्झच्या आकड्याचा तिथं मागमूस नसेल. आमच्यासाठी त्याहून जवळची गोष्ट म्हणजे २०२४ साली मंजूर झालेला १७४ किलोमीटरचा जालना-जळगाव मार्ग, राजूर, भोकरदन, सिल्लोड, अजिंठा असा जाणारा. भोकरदनला स्टेशन झालं की मिरचीची पोती ट्रकनं जालन्याला न्यायची, की थेट रेल्वेत चढवायची, यावर गावात आत्तापासून दोन तट पडायला हरकत नाही.