मावळची तालीम, औंधचे नमस्कार

पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, भोरची वाट जेथे फुटते त्या कापूरहोळाभोवतालच्या मावळ मुलखाच्या दफ्तरांतून वतने, इनामे आणि सनदा यांचा तपशील विपुल सापडतो; परंतु ज्या देहांच्या बळावर ती वतने मिळविली आणि राखली गेली, ते देह कसे घडत आणि दुखावले असता कसे सावरत, याची नोंद ठेवावीशी कारकुनांना क्वचितच वाटली.

ती विद्या तालमीत नांदत होती. चाळलेल्या तांबड्या मातीत तेल, ताक, हळद आणि लिंबाचा रस मुरवून केलेला हौदा, कोनाड्यातला मारुती, आणि जोर-बैठकांची पहाटेपासून चाललेली आवर्तने एवढ्या सामग्रीवर गावोगावचे वस्ताद जे काम करीत, ते केवळ डावपेच शिकविण्याचे नव्हते. निखळलेला सांधा बसविणे, लचकलेली कंबर चोळून मोकळी करणे आणि तापट पोराला दम राखायला लावून त्याचा संताप जिरविणे, हेही त्यांच्याचकडे असे. महाराष्ट्रातील शरीरोपचाराचे पहिले प्रकरण येथेच लिहिले गेले, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ते कागदावर उतरले नाही, त्यामुळे पुष्कळसे ज्ञान वस्तादाबरोबरच गेले, आणि स्त्रियांना तर त्या उंबरठ्याच्या आत कधी प्रवेशच नव्हता.

ही दुसरी उणीव भरून काढण्याचा नेटाचा प्रयत्न भोर संस्थानाप्रमाणेच जुन्या मराठी दौलतीतून निपजलेल्या औंध संस्थानात झाला. तेथील अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे प्रथम सँडो या युरोपीय मल्लाच्या पद्धतीने व्यायाम करीत; पुढे मिरजेच्या अधिपतींच्या सल्ल्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि अखेरपर्यंत त्यांचेच होऊन राहिले. त्यांच्या पद्धतीत दहा अवस्थांचा क्रम, प्रत्येक अवस्थेशी जुळणारा श्वास आणि बीजमंत्रांचा स्पष्ट उच्चार यांची अशी सांगड होती की, देह हलत असता चित्ताला अन्यत्र भटकण्यास सवडच मिळू नये. हौदा नको, जोडीदार नको, साधनांचा खर्च नको. घरातल्या चार हात जागेत गृहिणीलाही हे साधावे, असा त्यांचा आग्रह होता, आणि आपल्या संस्थानातील शाळांतून तर त्यांनी नमस्कार सक्तीचेच केले. १९३८ साली लंडनमध्ये त्यांचे या विषयावरील इंग्रजी पुस्तक निघाले. त्यानंतर दहाच वर्षांनी, १९४८ साली, भोर आणि औंध ही दोन्ही संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली; राजाज्ञा संपली, पण नमस्कार शाळाशाळांतून चालूच राहिले.

श्रद्धेने चाललेल्या या साधनेला परीक्षेची जोड दिली ती स्वामी कुवलयानंदांनी. जगन्नाथ गणेश गुणे हे त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव. १९२४ साली लोणावळ्यास ‘कैवल्यधाम’ स्थापून त्यांनी आसने आणि उड्डियान, नौली या पोटाच्या योगक्रिया यांचे शरीरावर होणारे परिणाम क्ष-किरणांनी व दाबमापक यंत्रांनी तपासले, ‘योगमीमांसा’ या त्रैमासिकातून ते प्रसिद्ध केले आणि रुग्णांना योगोपचार देण्यास प्रारंभ केला. या कार्याला पाश्चात्त्य विज्ञानाचे अपत्य म्हणण्याची जी रीत पडली आहे, ती मला मान्य नाही. गुण्यांनी ऐन तारुण्यात बडोद्यास ज्या राजरत्न माणिकरावांजवळ देहसाधना केली, ते आपले गुरू जुम्मादादा यांच्या आखाड्याचे वारस, आणि मोडलेली हाडे बसविण्यात निष्णात असे वस्तादच होते.