तळटीप १७ : ‘सीपी’ऐवजी ‘इन्स्टॉल’ का?

१७. पॅकेज बांधताना फायली जागेवर नेण्यासाठी लेखकाने ‘सीपी’ टाळून ‘इन्स्टॉल’ ही आज्ञा वापरली आहे. त्यामागचे कारण नवशिक्यांनी नीट समजून घ्यावे. ‘सीपी’ नवी प्रत करताना मूळ फाइलच्या परवानग्या घेते आणि त्यांना बांधणाऱ्याच्या खात्यातील ‘युमास्क’ची कात्री लावते. युमास्क ०७७ असेल, तर ६४४ परवानगीच्या मॅन्युअलची प्रत ६०० होते. ती तशीच पॅकेजमध्ये गेली, की रूटखेरीज कोणालाही मॅन्युअल उघडता येत नाही. आणि बांधणाऱ्याच्या यंत्रावर सगळे सुरळीत दिसत असल्याने चूक उशिरा कळते.

‘इन्स्टॉल’मध्ये ‘-एम’पुढे परवानगी स्पष्ट लिहिता येते, तेथे युमास्कचे काही चालत नाही. प्रोग्रॅमला ७५५ द्यावी : मालकाला सर्व हक्क, इतरांना वाचण्याचा व चालवण्याचा. माहितीच्या फाइलला ६४४ पुरते. काहीच न लिहिल्यास ७५५ धरली जाते, म्हणून ६४४ आठवणीने लिहावे. ग्नू आवृत्तीत मोठ्या ‘डी’मुळे वाटेतल्या डिरेक्टरीही तयार होतात.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवावा. सिम्बॉलिक लिंक दिली, तर ‘इन्स्टॉल’ लिंकऐवजी तिच्यामागची फाइल उचलते. तेथे ‘सीपी -ए’च योग्य. डेबियनमध्ये ‘डीएच फिक्सपर्म्स’ हे साधन शेवटी परवानग्या सुधारते, तरी त्याच्या भरवशावर न राहता प्रत्येक फाइलची परवानगी आपणच ठरवावी. पॅकेज वापरणाऱ्यांप्रती ती आपली जबाबदारी आहे. — संपादक