जत्रेच्या पाळण्यापासून एस्सेलवर्ल्डपर्यंत

भाईंदर स्थानकाच्या पश्चिमेला उतरले, की एक रस्ता उत्तनच्या कोळीवाड्यांवरून गोराईकडे जातो. १९८९ साली गोराईत एस्सेलवर्ल्ड सुरू झाले आणि शाळांच्या सहलींच्या गाड्या या रस्त्याला लागल्या. अनेकजण बोरिवलीच्या किंवा मार्वेच्या बाजूने बोटीत बसून खाडी ओलांडत. शेजारी १९९८ मध्ये वॉटर किंगडम आले. २०२२ साली एस्सेलवर्ल्ड लोकांसाठी बंद झाले. मधल्या तीसहून अधिक वर्षांत मुंबई-ठाण्याच्या कितीतरी मुलांनी आयुष्यातली पहिली किंकाळी तेथेच फोडली असेल. पदरचे पैसे देऊन, तासभर रांगेत उभे राहून माणसे घाबरून घ्यायला का जातात? या प्रश्नाला मोठा इतिहास आहे.

आकाशपाळणा आपल्याला जत्रेमुळे परिचयाचा आहे. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने १६२० साली तुर्की साम्राज्यातील आजच्या प्लोव्दिव शहरी माणसांना बसवून फिरवण्याची उभी चाके पाहिली व त्यांचे वर्णन लिहून ठेवले. रशियात हिवाळ्यात लाकडी सांगाड्यांवर बर्फ गोठवून उंच घसरगुंड्या करीत. ही कल्पना पुढे पॅरिसला गेली, बर्फाच्या जागी चाके आली. फ्रेंच भाषेत अशा गाड्यांना आजही ‘रशियन डोंगर’ म्हणतात.

खरा बदल घडवला तो रेल्वेने आणि कारखान्यांनी. आठवडाभर राबणाऱ्या शहरी माणसाला सुटीचा दिवस मिळाला आणि स्वस्तात शहराबाहेर नेणारे वाहनही. न्यूयॉर्कच्या टोकाला असलेल्या कोनी आयलंडच्या समुद्रकिनाऱ्यावर १८८४ साली लामार्कस थॉम्पसन यांनी पाच सेंट भाड्यात चढउतारांवरून धावणारी गाडी सुरू केली. तिचा वेग होता तासाला सुमारे दहा किलोमीटर, म्हणजे आपल्या सायकलपेक्षाही कमी! तरीही लोकांनी गर्दी केली. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात जॉर्ज फेरिस या अभियंत्याने २६४ फूट उंचीचे पोलादी चाक उभारले. त्याला ३६ डबे होते आणि प्रत्येकात ६० माणसे मावत. अमेरिकेतील ट्राम कंपन्यांनी तर सुटीच्या दिवशी गाड्या रिकाम्या धावू नयेत म्हणून मार्गाच्या शेवटच्या थांब्यावर करमणुकीची उद्याने काढली. शहराच्या कडेची जागा आणि तेथवर पोचवणारे वाहन, हे गणित गोराईलाही लागू पडते. एकाच कल्पनेभोवती रचलेले उद्यान म्हणून गाजलेले डिस्नेलँड १९५५ चे, तर दिल्लीचे अप्पू घर १९८४ चे.

या प्रवासातला एक टप्पा वर्गात जरूर सांगावा. १८९५ साली कोनी आयलंडवरच उभ्या वर्तुळात उलटी होणारी गाडी आली. वर्तुळ अचूक गोल होते, आणि तेथेच घोटाळा झाला. माथ्यावर गाडी रुळाला जेमतेम चिकटून राहील एवढाच वेग ठेवला, तरी तळाशी वेगाचा वर्ग माथ्यावरच्या पाचपट होतो. परिणामी तळाशी बसणाऱ्याला आपले वजन सहापट वाटते! लोकांच्या माना अवघडल्या आणि काही वर्षांतच ती गाडी मोडीत निघाली. उपाय सापडला तो वळणाच्या आकारात. तळाशी त्रिज्या मोठी ठेवायची आणि माथ्याकडे ती कमी करीत न्यायची. थेंबासारख्या दिसणाऱ्या या वळणाची गाडी वेर्नर श्टेंगेल या जर्मन अभियंत्याच्या आकडेमोडीतून १९७६ साली कॅलिफोर्नियात धावली. भीती तेवढीच राहिली, इजा मात्र टळली.

पोटात गोळा येतो तो का? एरवी खुर्ची आपल्याला खालून रेटत असते आणि हाच रेटा आपल्याला ‘वजन’ म्हणून जाणवतो. एस्सेलवर्ल्डच्या ‘शॉट अँड ड्रॉप’मध्ये आसन आपल्याबरोबरच खाली येई, तेव्हा हा रेटा जवळजवळ नाहीसा होई. आतड्यांचा नेहमीचा आधार सुटे आणि कानातील तोल सांभाळणारी इंद्रिये धोक्याची सूचना देत. हृदयाचे ठोके वाढत, अॅड्रिनॅलिन स्रवे. मेंदूचा दुसरा भाग मात्र सांगत असे, की दांडा छातीशी घट्ट आहे आणि शेजारी मैत्रीणही किंचाळते आहे. शरीर घाबरलेले आणि मन निर्धास्त, या दुहेरी अवस्थेतच खरी गंमत आहे. खाली उतरल्यावर भीती ओसरते, उत्साह उरतो, आणि पावले पुन्हा रांगेकडे वळतात.

हे निर्धास्तपण फुकट मिळत नाही. कोणीतरी बलांचा हिशेब केलेला असतो, पोलाद पारखलेले असते आणि कोणीतरी रोज सकाळी खिळे-बोल्ट तपासत असते. यातला एक दुवा निखळला, तर खेळाचा अपघात होतो. म्हणून उद्यानांचा इतिहास हा भीतीला सुरक्षित करण्याचा इतिहास आहे.

एस्सेलवर्ल्ड बंद झाले म्हणून प्रयोगशाळा बंद झाली असे नाही. वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत किंवा गावच्या उरुसात विद्यार्थ्यांना घेऊन जावे. पाळणा वर जाताना वजन कोठे कमी वाटते, कोठे जास्त? ‘मौत का कुआँ’तली मोटारसायकल भिंतीवरून घसरत का नाही? आणि एक प्रश्न आवर्जून विचारावा: हा पाळणा आज कोणी तपासला? जो विद्यार्थी हे विचारायला शिकेल, तो अभिकेंद्री बलाच्या व्याख्येपेक्षा मोठी गोष्ट शिकलेला असेल.