चुकून आलेले पैसे कुणाचे?

परवा खर्डीला घरी असताना अनोळखी माणसाचे यूपीआयवर २,००० रुपये आले. मनात आलं, मी कुठे चोरलेत?

इंग्लंडमध्ये १९५६ च्या खटल्यात मोइन्स नावाचा मजूर याच मुद्द्यावर सुटला. पगाराच्या पाकिटात चुकून जास्त पैसे आले, हे त्याला घरी कळलं. त्याने ते ठेवले. कोर्ट म्हणालं, पाकीट घेताना हेतू वाईट नव्हता, म्हणून चोरी नाही. ही पळवाट १९६८ च्या कायद्याने बुजवली.

आपल्याकडे मात्र १८६० च्या दंड संहितेतच कलम ४०३ होतं: चांगल्या मनाने घेतलेली वस्तू चूक कळल्यावरही बेइमानीने ठेवली, तरी गुन्हा. आज तेच न्याय संहितेचं कलम ३१४.

मी बँकेला कळवलं. पैसे परत गेले, मगच झोप लागली.