पेठेचा संघ आणि पडद्यावरचा संघ : कोल्हापूर, मुंबई व गोवा येथील फुटबॉलनिष्ठेचा ऐतिहासिक विचार

प्रास्ताविक

विश्वचषक फुटबॉल स्पर्धा जवळ आली की कोल्हापूर शहराच्या पेठापेठांतून अर्जेंटिना आणि ब्राझील यांचे ध्वज फडकू लागतात. मेस्सी, नेमार, रोनाल्डो यांचे भव्य फलक चौकाचौकांत उभे राहतात. २०१८ आणि २०२२ या दोन्ही वर्षी हे दृश्य पाहावयास मिळाले. तथापि स्थानिक हंगाम सुरू झाला की याच पेठांतील तरुण राजर्षी शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर आपापल्या तालमीच्या संघासाठी घसा कोरडा करतात. एकाच मनात या दोन निष्ठा कशा नांदतात आणि अन्यत्र दूरच्या संघाचीच निष्ठा तेवढी का उरली, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या प्राध्यापक-कक्षात नेहमी ऐकू येते. उपग्रह वाहिन्या आल्या, मँचेस्टर आणि बार्सिलोना घरात आले आणि मुलांनी घराजवळच्या मैदानाकडे पाठ फिरवली, असे ते उत्तर आहे. ते अगदीच चुकीचे नाही. परंतु इतिहासाच्या कसोटीवर ते अपुरे पडते. पडदा सर्वत्र सारखाच आला; त्याचे परिणाम मात्र सर्वत्र सारखे झाले नाहीत. जेथे संघ मालकाचा होता तेथे तो मालकाच्या एका निर्णयाने मैदानाबाहेर गेला. जेथे तो वस्तीचा किंवा सभासदांचा होता तेथे त्याने पडद्याशीही जुळवून घेतले, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

दूरचा संघही कुणाचा तरी घरचा

ज्यांना आपण ‘परदेशी नामांकित संघ’ म्हणतो त्यांचा उगम पाहिला तर प्रारंभीच एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. मँचेस्टर युनायटेड हा संघ १८७८ मध्ये न्यूटन हीथ येथील रेल्वे कारखान्यातील कामगारांनी स्थापन केला. आजचे नाव त्याला १९०२ मध्ये मिळाले. म्हणजे ज्या संघाचा सदरा आज आपल्या महाविद्यालयाच्या आवारात दिसतो, तो मुळात एका औद्योगिक वस्तीचा संघ होता. १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली, त्याच सुमारास भारतात उपग्रह दूरचित्रवाणीचा प्रसार झाला आणि हे वस्तीचे संघ जगाचे झाले. त्याआधी १९८६ च्या मेक्सिकोतील विश्वचषकाने दूरदर्शनच्या माध्यमातून मॅराडोना आपल्याकडे आणला होताच.

असे असले तरी घरचा समर्थक आणि दूरचा समर्थक यांच्या अधिकारात मोठे अंतर राहिले. एप्रिल २०२१ मध्ये युरोपातील बारा धनाढ्य संघांनी ‘सुपर लीग’ ही स्वतंत्र स्पर्धा जाहीर केली. इंग्लंडमधील समर्थक मैदानांच्या दाराशी जमले, सर्व बाजूंनी टीका झाली आणि अवघ्या दोन-तीन दिवसांत सहाही इंग्लिश संघांनी माघार घेतली. पुण्या-मुंबईतील समर्थकाला या प्रकरणात संताप येऊ शकत होता, परंतु त्या दाराशी उभे राहणे त्याला शक्य नव्हते. दूरच्या संघावर प्रेम करता येते, त्याला जाब विचारता येत नाही. हा भेद पुढील विवेचनात मध्यवर्ती आहे.

मुंबई व गोवा : मालकाचा संघ

मुंबईत १८९१ पासून खेळल्या जाणाऱ्या रोव्हर्स चषक स्पर्धेवर प्रारंभीची अनेक वर्षे ब्रिटिश लष्करी पलटणींचे वर्चस्व होते. १९३७ मध्ये बंगळूर मुस्लिम्स या संघाने ते मोडले. पुढील काळात मुंबईच्या फुटबॉलचा आधार बनल्या त्या कंपन्या. टाटा, कॅलटेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, महिंद्र ही नावे कूपरेजच्या जुन्या प्रेक्षकांना परिचित आहेत. या संघांनी खेळाडूला नोकरी दिली, त्याच्या कुटुंबाला स्थैर्य दिले. हे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु या संघांना वस्ती नव्हती. त्यांचे भवितव्य कार्यालयात ठरत असे, प्रेक्षकांत नव्हे.

गोव्यात फुटबॉलची मुळे गावोगावच्या चर्चच्या पटांगणांत आणि भातकापणीनंतर मोकळ्या होणाऱ्या शेतांत आहेत. तथापि राष्ट्रीय पातळीवर गोव्याचे नाव नेणारे बहुतेक बडे संघ खाण-उद्योगातील घराण्यांचे अथवा धनिक कुटुंबांचे होते. त्यांचे कर्तृत्व थक्क करणारे आहे. २००४-०५ ते २०१२-१३ या सलग नऊ हंगामांत राष्ट्रीय विजेतेपद गोवा आणि मुंबई सोडून कोठेही गेले नाही. धेंपो पाच वेळा, चर्चिल ब्रदर्स दोन वेळा, साळगावकर एकदा आणि मुंबईचा महिंद्र युनायटेड एकदा, असा हा हिशेब आहे. भारतीय फुटबॉलच्या इतिहासात पश्चिम किनाऱ्याचे असे वर्चस्व पूर्वी कधी नव्हते.

आणि तरीही महिंद्र युनायटेड २००९-१० च्या हंगामानंतर बंद झाला. विजेतेपदाला तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती. धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी २०१६ मध्ये आय-लीगमधून अंग काढून घेतले. इंडियन सुपर लीगला अग्रस्थान देऊन जुन्या संघांना दुय्यम स्तरावर ढकलण्याच्या महासंघाच्या योजनेला त्यांचा विरोध होता आणि तो अनाठायी म्हणता येत नाही. परंतु येथे प्रश्न कारणाचा नसून पद्धतीचा आहे. या निर्णयांत समर्थकाचे मत कोणी विचारले नाही. विचारण्याची व्यवस्थाच नव्हती. रोव्हर्स चषकही २००० नंतर लवकरच इतिहासजमा झाला. या पडझडीचे खापर लिव्हरपूल किंवा बार्सिलोनाच्या माथी फोडणे सोयीचे असले तरी न्याय्य नाही. ज्या गोव्यात संघ गावाचा होता तेथे गावचा फुटबॉल थांबला नाही, ही बाब येथे बोलकी आहे. धेंपो गोव्याच्या स्थानिक लीगमध्ये खेळत राहिला आणि २०२४-२५ मध्ये आय-लीगमध्ये परतला, तोही या स्थानिक पायावर उभा राहूनच.

कोल्हापूर : तालमीचा संघ

कोल्हापूरचा मार्ग निराळा आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात या शहरात कुस्तीला जो राजाश्रय मिळाला त्याची साक्ष १९१२ मध्ये पूर्ण झालेले खासबाग मैदान आजही देते. पेठेतील तालीम ही केवळ आखाडा नव्हती. मारुतीची मूर्ती, तांबडी माती, गणेशोत्सवाचा मांडव, मोहरमचे पंजे, भांडणाचा निवाडा आणि अडल्यानडल्याला मदत, असे तिचे बहुविध स्वरूप होते. फुटबॉल हा इंग्रजांचा खेळ. परंतु कोल्हापुरात तो या तालमीच्या कट्ट्यावर येऊन बसला. १९४० मध्ये स्थापन झालेल्या कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनने त्याला स्पर्धेची चौकट दिली आणि राजघराण्याने आश्रय दिला.

पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब या नावांकडे पाहिले तरी संघ आणि वस्ती यांचे नाते स्पष्ट होते. मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ यांची ईर्षा मैदानावर उतरते, कारण ती मैदानाबाहेर आधीपासूनच असते. संघाचा खर्च वर्गणी, देणग्या आणि स्थानिक नेत्यांचा आश्रय यांतून भागतो. पेठेत राहणाऱ्याला संघ निवडावा लागत नाही. आणि सामना हरल्यावर खेळाडूला दुसऱ्या दिवशी त्याच कट्ट्यावरून जावे लागते. कोणत्याही कंपनीला हा संघ एका परिपत्रकाने बंद करता येत नाही.

या संस्थेचे गौरवीकरण करण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतू नाही. समर्थकांच्या हाणामाऱ्या आणि दगडफेक यांमुळे येथील हंगामाला वेळोवेळी गालबोट लागले आहे. राजकीय आश्रयाची किंमत कधी ना कधी मोजावी लागते. तालीम ही परंपरेने पुरुषांची संस्था असल्याने मुलींच्या फुटबॉलला तिच्यात सहज जागा मिळाली नाही. शिवाय विजयाच्या हव्यासापोटी संघांनी आफ्रिकेतील खेळाडू मोबदला देऊन आणण्यास प्रारंभ केला, तेव्हा पेठेतील मुलाची जागा कोणती, हा प्रश्नही निर्माण झाला. मात्र २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेत कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारतीय संघातून खेळला, हे या मातीतील खेळाच्या परंपरेचे फलित होय.

विश्वचषकाचे फलक या संदर्भात पाहिले पाहिजेत. मेस्सीचा फलक लावणारे मंडळ पेठेचेच असते, वर्गणी पेठेची असते आणि समोरच्या चौकातील ब्राझीलच्या फलकापेक्षा आपला फलक उंच असावा ही ईर्षाही पेठेचीच असते. येथे दूरच्या संघाने स्थानिक निष्ठेला हटविलेले नाही. स्थानिक निष्ठेनेच दूरच्या संघाला आपल्या सोयीने वापरले आहे.

कोलकात्याची तुलना

सभासदांच्या मालकीच्या संघांची परंपरा कोलकात्यात सर्वांत जुनी आहे. १८८९ मध्ये स्थापन झालेल्या मोहन बागानने १९११ मध्ये ईस्ट यॉर्कशायर पलटणीचा २-१ असा पराभव करून आयएफए ढाल जिंकली. २०२० मध्ये या संघाच्या फुटबॉल विभागाचा एटीकेशी संयोग होऊन नावापुढे ‘एटीके’ ही अक्षरे लागली. समर्थकांनी ती काढून टाकण्याची मागणी सातत्याने लावून धरली आणि २०२३ मध्ये ती निघाली. भांडवल बाहेरचे राहिले, हे खरे. परंतु नावाच्या बाबतीत समर्थकांचे म्हणणे ऐकावे लागले.

याच शहरात १३ डिसेंबर २०२५ रोजी उलट चित्र दिसले. मेस्सीच्या भेटीसाठी सॉल्ट लेक स्टेडियममध्ये महागडी तिकिटे काढून आलेल्या प्रेक्षकांना त्याचे धड दर्शनही झाले नाही. तो लवकर निघून गेला आणि संतप्त जमावाने खुर्च्या फेकल्या. त्या दिवशी इंडियन सुपर लीगचा २०२५-२६ चा हंगाम, व्यापारी हक्कांचा प्रश्न न सुटल्याने, सुरूच झालेला नव्हता. एका दिवसाच्या दर्शनासाठी पैसा उभा राहिला. पण देशातील खेळाडूंच्या अख्ख्या हंगामासाठी तो वेळेवर उभा राहू शकला नाही.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, परदेशी संघांची लोकप्रियता हे स्थानिक संघांच्या ऱ्हासाचे मूळ कारण नव्हे. संघ कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर अधिक निर्णायक ठरते. म्हणून विद्यार्थ्याच्या अंगावरील परदेशी सदऱ्यावर टीका करण्यापेक्षा, त्याला जाब विचारता येईल असा संघ त्याच्या जवळपास आहे काय, हे आपण पाहावयास हवे.

इतिहासाच्या अध्यापकांवर याहून एक जवळची जबाबदारी आहे. मँचेस्टर युनायटेडच्या प्रत्येक हंगामाची नोंद जगात कोठेही बसून वाचता येते. आपल्या तालमींच्या संघांचा इतिहास मात्र अद्याप भिंतीवरील छायाचित्रांत, जुन्या हँडबिलांत, वर्गणीच्या वह्यांत आणि वृद्ध खेळाडूंच्या स्मरणात आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी शहराच्या वस्तीत शिरले, तेव्हा असे कागद किती असुरक्षित आहेत याची जाणीव झाली. ते कागद वेळीच उतरवून घेणे आणि त्या खेळाडूंच्या मुलाखती नोंदविणे हे काम पदवीच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतूनही होऊ शकते. पेठेने आपला संघ आजवर जपला. त्याची नोंद जपण्याचे काम महाविद्यालयांनी अंगावर घ्यावे, एवढीच या निबंधाच्या अखेरीस अपेक्षा आहे.